एका नावाची दोन पुष्पचक्रं

दुसरं पुष्पचक्र आलं तेव्हा बेक जूनसिक वाकून मोजे सारखे करत होता. फुलवाल्याचा माणूस ती पुरुषभर उंचीची तिवई ढकलत इस्पितळाच्या तळघरातल्या लांब बोळातून आला, अंत्यविधीच्या चार नंबरच्या दालनाशी थांबला आणि तिथं आधीपासून उभ्या असलेल्या पुष्पचक्राची फीत त्यानं वाचली. मग स्वतःकडची वाचली. मग पुन्हा आधीची. "साहेब, घोटाळा झालाय वाटतं," तो म्हणाला. "दोन्ही एकाच चर्चकडून आलीत. नाव तेच, अक्षर न् अक्षर तेच. कोणीतरी दोनदा फोन केला असणार. हे परत नेऊ का?" प्रश्न साधा होता. जूनसिकनं त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात यापेक्षा अवघड प्रश्नांना पटकन उत्तरं दिली होती. पण आदल्या सकाळी त्याची आई गेली होती, आणि आता त्याच्या हातात मोज्याची कड तशीच राहिली. घोटाळा नव्हता हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

त्याच्या मदतीला योम पंच आले. मंडळीचे सर्वांत जुने पंच, सत्तरी ओलांडलेले, पाळकसाहेबांचा उजवा हात. काल दुपारपासून त्यांनीच सगळा कारभार हातात घेतला होता. त्यांनी फीत एका नजरेत वाचली. "हे आत नको. तिकडं ठेव, बुटांच्या कपाटापलीकडं."

"पण साहेब, नाव तर तुमचंच—"

"नाव चोरलेलं आहे," योम पंच शांतपणे म्हणाले.

फुलवाल्याचा माणूस गोंधळून जूनसिककडे वळला. दंडाला पट्टी त्याच्या होती, म्हणजे मयताचा मुलगा तो, शब्द त्याचा. जूनसिक म्हणाला, "ते म्हणतात तसं कर." तिवईची चाकं किरकिरली. पांढऱ्या शेवंतीच्या दोन-चार पाकळ्या फरशीवर गळल्या आणि पुष्पचक्र बुटांच्या कपाटापलीकडे, स्वच्छतागृहाच्या बाणाखाली जाऊन उभं राहिलं. काय झालं एवढं, जूनसिकनं स्वतःला विचारलं. फुलं आहेत. इथं काय न् तिथं काय. पण त्याचे कान गरम झाले होते. ती फुलं कोणी पाठवली होती हे त्याला पाठमोऱ्या माणसाची चाल ओळखावी तसं माहीत होतं. किसूनं. किसू आणि तो एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतलेले; किसूच्या धुलाईच्या दुकानात इस्त्री केलेला कोट घालून जूनसिक लग्नाला उभा राहिला होता. आणि किसूची आई, बुन्यो मावशी, ही त्याच्या आईची काय लागत होती हे सांगणारा शब्द त्याला कधी सापडलाच नाही. बहीण म्हणावं तर बहिणी भांडतात.

अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या दोघी एकाच गावातून निघाल्या होत्या, उत्तरेत, सनचनजवळच्या कुठल्याशा वाडीतून, लढाईच्या पहिल्या हिवाळ्यात. आठवडाभरात परत येऊ असं सांगून निघाल्या. गोठलेल्या नद्या ओलांडल्या, आणि मागं देशाच्या मधोमध सीमेची रेघ ओढली गेली ती गेलीच. सोलमध्ये टेकडीच्या उतारावर उत्तरेकडच्यांनी तंबू ठोकला आणि त्याला चर्च म्हटलं. जूनसिकला तो तंबू आठवत नाही. पण आईनं इतक्या वेळा सांगितला होता की ओल्या ताडपत्रीचा वास त्याला स्वतःचाच वाटे. दोघींत मिळून एक गीतपुस्तक होतं. नंतर दगडी इमारत झाली, गादीची बाकं आली, प्रत्येकाच्या हातात सोनेरी कडांचं पुस्तक आलं, तरी त्या दोघी एकाच पुस्तकात बघून गायच्या, तिसऱ्या बाकावर, डावीकडे आई, ओकदान, उजवीकडे बुन्यो. पान बुन्यो उलटायची. साठ वर्षं. आणि प्रत्येक उपासनेत शेवटी एकच मागणं: प्रभू, हा तुटलेला देश सांध. लहानपणी जूनसिकला वाटायचं, देवाला ऐकू कमी येतं.

मग राष्ट्राध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं तो हिवाळा. चौकात एका बाजूला त्यांच्या पाठीराख्यांचे झेंडे, दुसऱ्या बाजूला विरोधकांच्या मेणबत्त्या. एका रविवारी पाळकसाहेब व्यासपीठावरून म्हणाले की ज्याच्या अंगात विश्वास आहे तो आज दुपारी झेंडा घेऊन चौकात येईल. किसू उभा राहिला. उपासनेच्या मध्ये उभं राहणं हे त्या चर्चमध्ये कोणी केलेलं नव्हतं. "पाळकसाहेब, हे शुभवर्तमानात कुठल्या अध्यायात आहे ते सांगाल का?" तो म्हणाला. कोणीतरी ओरडलं, लाल्या आहे, कम्युनिस्ट आहे, बसवा त्याला. लाल्या. ज्याच्या आजोबांना लाल्यांनी नेलं होतं, त्याला. पुढचं सगळं भराभर झालं की हळूहळू, हे जूनसिकला आता सांगता येत नाही. सभा झाल्या, सह्या झाल्या, कोर्ट झालं. कोर्ट म्हणालं, निकाल लागेपर्यंत इमारत दोघांनीही वापरावी. मग सभागृहाच्या मधोमध, व्यासपीठापासून दारापर्यंत, प्लायवूडची भिंत उभी राहिली. समोरचा जुना क्रूस बरोबर मध्यावर होता. सुतारानं विचारलं, हा कोणाच्या बाजूला घेऊ? त्यावर तीन बैठका झाल्या. शेवटी क्रूस काढून तळमजल्यावर खुर्च्यांच्या ढिगामागं ठेवला आणि दोन्ही बाजूंनी आपापला नवा आणला. नवे क्रूस एकाच दुकानातले होते.

जूनसिक पाळकसाहेबांच्या बाजूला राहिला. राहिला एवढंच, निवडली असं त्याला प्राण गेला तरी म्हणता आलं नसतं. त्या रविवारी तो डाव्या हाताच्या बाकावर बसला होता आणि भिंत त्याच्या उजवीकडून गेली. पंचांची यादी आली, त्यात त्याचं नाव होतं, त्यानं कोणी दुखावू नये म्हणून खोडलं नाही. एक बाजू दुखावली गेलीच, पण ती भिंतीपलीकडे असल्यानं तिचा चेहरा दिसत नव्हता. आवाज मात्र यायचा. जूनसिकनं तीस वर्षं शहराच्या पाणीखात्यात गळती शोधण्याचं काम केलं होतं. रस्त्यावर लोखंडी दांडा टेकवायचा, त्याला कान लावायचा आणि डांबराखाली कुठं पाणी सुटतंय ते ऐकायचं. फुटलेला नळ गर्जत नाही. दूर कोणीतरी कोणाला गप करत असल्यासारखा तो बारीक, सलग आवाज असतो. तो कान निवृत्त झाला नव्हता. दोन्हीकडची उपासना अकरालाच असे, आणि प्लायवूडमधून त्याला ऐकू येई ते असं: त्यांचं गीत आपल्यापेक्षा अर्धी ओळ मागं, त्यांचे पाळक तरुण, त्यांचा आमेन उतावळा, आणि शेवटी तीच प्रार्थना, प्रभू, हा तुटलेला देश सांध. इकडचे आवाज चढवायचे. मग तिकडचे. तो डोळे मिटून ऐकायचा आणि त्याच्या लक्षात यायचं की आपण प्रार्थना करत नाही आहोत, कुठं गळतंय ते शोधतो आहोत.

आई त्याच्या शेजारी, चाकांच्या खुर्चीत. तिला भिंत दिसत होती. डोळ्यांत मोतीबिंदू असला तरी एवढी मोठी भिंत कोणालाही दिसते. पण तिनं भिंतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. ती दर रविवारी फक्त विचारायची, "बुन्यो नाही आली आज?" पहिल्यांदा त्यानं सांगितलं, सर्दी झालीय. ते इतकं सहज निघालं की दुसऱ्या रविवारीही तेच निघालं. मग गुडघा. मग किसूची गाडी बिघडलीय. मग पुन्हा सर्दी. आई मान डोलवायची. "जपायला सांग," म्हणायची. दोन वर्षं. कधी कधी घरी परतताना तिच्या मफलरकडे बघत त्याला वाटायचं, आज सांगून टाकू. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? ती या प्लायवूडच्या पलीकडे बारा पावलांवर बसली होती, आणि मी तुझी खुर्ची ढकलत नेऊ शकलो असतो, असं?

साडेअकराला देह पेटीत ठेवण्याचा विधी झाला. काचेपलीकडे पांढरे हातमोजे घातलेली दोन माणसं आईला तागाच्या वस्त्रात गुंडाळत होती, सराईतपणे, भेटवस्तू बांधावी तशी. त्याची बायको रडत होती. त्याला रडू येईना. तो आईच्या पायांकडे बघत होता. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. ती त्या पहिल्या हिवाळ्यात बर्फानं गेली होती. बाकीची आठ बुन्यो मावशीनं वाचवली, असं आई सांगायची. कुठल्याशा जळक्या गोठ्यात रात्रभर पेंढ्यानं घासली, आणि जमेना तेव्हा आपल्या उघड्या पोटावर धरली. लहानपणी आई न्हायला बसली की जूनसिक ती बोटं मोजायचा आणि म्हणायचा, ही मावशीची आठ. हातमोजेवाल्यांनी त्या पायांवर एकेक मोजा चढवला, वर दुसरा. "घरच्यांपैकी आणखी कोणाला बघायचंय का?" त्यांनी विचारलं. जूनसिकनं नाही म्हणून मान हलवली, आणि त्याच क्षणी त्याला वाटलं की आपण खोटं बोललो. पण तोवर तोंडावर कापड आलं होतं.

उपासना दोन वाजता. दालन भरलं. ओळखीचे सगळे चेहरे, काळे कोट, गुडघे मोडून जमिनीवर बसलेले. जूनसिक फोटोजवळ, सगळ्यांकडे तोंड करून, दार समोर. पाळकसाहेबांचा आवाज छान होता, पूर्वीपासूनच छान होता. त्या आवाजात त्यांनी गिल ओकदान या भगिनीचं आयुष्य सांगायला घेतलं. सनचन, नदी, तंबू. लोकांच्या नाकांचे आवाज येऊ लागले. "आमची ही बहीण लाल्यांच्या राज्यातून विश्वास वाचवून आली," पाळकसाहेब म्हणाले. "आणि आज, बंधूंनो, आपलंच नाव लावून, आपल्याच छपराखाली बसून, त्या लाल्यांचं गाणं गाणारे आहेत. ओकदानबाईंनी अखेरपर्यंत त्यांच्याकडं पाठ केली." आमेन, योम पंच दाराशी उभे राहून म्हणाले. आमेन, दालन म्हणालं. जूनसिकचे ओठही हलले. आईनं कोणाकडे पाठ केली होती? तिची खुर्ची मी ठेवायचो तशी असायची. हे त्याच्या मनात आलं आणि त्यानं नजर उचलली, आणि उघड्या सरकत्या दारातून बोळात, बुटांच्या कपाटाजवळच्या बाकड्यावर, त्या हाकललेल्या पुष्पचक्राशेजारी त्याला बुन्यो मावशी दिसली.

ती इतकी लहान झाली होती की पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. काळा कोट खांद्यांवरून उतरलेला, केस ओले करून विंचरलेले. एक बूट तिनं काढून मांडीजवळ ठेवला होता आणि दुसऱ्याची पट्टी सोडता सोडता ती थांबली होती, कारण योम पंच तिच्याजवळ वाकून काही सांगत होते. शब्द आले नाहीत. हाताचा तळवा दिसला. थांबा. उपासना संपू द्या. मागं किसू उभा होता. त्यानं योम पंचांकडे बघितलंच नाही. तो दारातून थेट जूनसिककडे बघत होता, आणि जूनसिक त्याच्याकडे. मध्ये पंधरा-वीस वाकलेली डोकी होती. उठायला काय लागतं? उजवा हात जमिनीला, गुडघा वर, मग दुसरा. तो ते रोज शंभरदा करत होता. त्यानं ते मनात करून बघितलं: उजवा हात, गुडघा. पाळकसाहेब वाक्याच्या मध्ये होते. वाक्य संपलं की. वाक्य संपलं, आणि दुसरं सुरू झालं. मग पाळकसाहेब म्हणाले, आपण बहिणीच्या आवडीचं गीत गाऊ. गीताच्या आवाजात उठलेलं कोणाला कळणारही नाही, जूनसिकला वाटलं, आता. लोक गाऊ लागले. आणि त्याच्या त्या कानानं सगळ्या आवाजांच्या खालून एक आवाज उचलला, बोळातला, फाटका, अर्धी ओळ मागं, जुन्या पुस्तकातल्या जुन्या शब्दांचा. मावशी बाहेर बसून गात होती. हात तिनं पुढ्यात धरले होते, आणि कडव्याच्या शेवटी उजव्या हाताची बोटं जराशी हलली, पान उलटल्यासारखी. योम पंचांनी मागं वळून बघितलं आणि सरकतं दार लावून घेतलं. आवाज न करता, फार सभ्यपणे. जूनसिकचा उजवा हात जमिनीवर टेकलेला होता. तो तसाच टेकलेला राहिला.

शेवटचा आमेन झाल्यावर तो लोकांच्या अंगावरून बाहेर आला तेव्हा बाकडं रिकामं होतं. सफाईवाली बाई शेवंतीच्या पाकळ्या गोळा करत होती. "आजीबाई ना? गेल्या. फार वेळ बसून त्यांना त्रास झाला," ती म्हणाली. तो मोज्यांवरच जिना चढला. उन्हाचा झोत डोळ्यांत गेला. काल सकाळनंतर त्यानं ऊन बघितलं नव्हतं. किसूची दुकानाची गाडी वाहनतळाच्या आडव्या दांड्याशी रांगेत होती. पुढच्या गाडीचं कार्ड चालत नव्हतं. जूनसिकनं काचेवर टकटक केली. किसूनं काच अर्धी खाली घेतली.

"मावशींना आण आत. झाली आता उपासना."

"हो, आता झाली."

"किसू, दार योम पंचांनी लावलं. मी नाही लावलं."

"तू बघत होतास." किसूनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "तिचा एक बूट काढून झाला होता. दुसरा काढायचा की पहिला परत घालायचा, एवढंच तुझ्यावर होतं."

"मी मुख्य माणूस तिथला. मीच मध्येच उठलो असतो तर—"

"मुख्य होतास म्हणूनच तर."

"किसू, गप की रं," मागच्या सीटवरून मावशी म्हणाली. उत्तरेचा तो हेल, जो आता आई गेल्यावर एकाच तोंडात उरला होता. "आई मेलीया त्याची. ये इकडं, जूनसिक." तिनं मागची काच खाली केली आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे हात ऊन होते. "ओकदानचं पाय झाकलं का नीट?"

"हो मावशी. दोन मोजे घातले, एकावर एक."

"बरं केलं. तिला गारठा सोसायचा न्हाई. गेल्या मंगळवारी बी म्हनत हुती, पाय गार पडत्यात."

"मंगळवारी?"

"त्या म्हाताऱ्यांच्या केंद्रात. दर मंगळवारी यायची की. तूच सोडायचास न्हवं? मला किसू सोडतो धाला, तुझी गाडी साडेधाला."

जूनसिकनं किसूकडे बघितलं. किसू समोरच्या गाडीकडे बघत होता. त्यालाही हे नवीन होतं हे त्याच्या मानेवरून कळत होतं. दोन वर्षांचे मंगळवार जूनसिकच्या डोळ्यांपुढून गेले. आईला दारात सोडायची, बाई खुर्ची आत न्यायची, तो तसाच वळायचा. आत कोण आहे हे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. "पण रविवारी ती मला विचारायची," तो म्हणाला, "तुम्ही का आला नाहीत म्हणून."

"व्हय, सांगायची मला. आज सर्दी म्हनला, आज गुडघा म्हनला." मावशी हसली, दात नसलेलं, आतून आलेलं हसू. "मी म्हनायची, अगं तुला ठाव हाय तर कशाला छळतीस पोराला? तर म्हनायची, एक रविवार तरी खरं सांगंल. वाट बघू दे की मला."

दांडा वर गेला. पुढची गाडी सुटली. मागच्यानं हॉर्न दिला. किसूनं गाडी पुढं घेतली नाही.

"मला म्हनली हुती, माझ्या मौतीला येऊ नगंस," मावशी म्हणाली. ती आता हसत नव्हती, पण तिच्या आवाजात राग नव्हता, आणि जूनसिकला राग हवा होता. "म्हनली, तुला दाराशी बसवतील बुन्यो, आन् माझा जूनसिक काय उठायचा न्हाई. मी म्हनलं, उठंल. ह्या हातानं न्हाऊ घातलंय त्याला. लावतीस का पैज?" तिनं त्याच्या हातावर दोनदा थोपटलं आणि तो परत दिला, एखाद्याची वस्तू परत द्यावी तसा. "लई हट्टी बाई. तीच जिंकली. जा तू आता, लोक खोळंबलं असतील."

गाडी गेली. तो मोज्यांवर उभा राहिला. डांबर उन्हानं तापलं होतं, तळव्यांना जाणवत होतं, तरी पाय उचलावेसे वाटेनात. मग एक रुग्णवाहिका आली आणि पहारेकऱ्यानं त्याला हातानं बाजूला व्हायला सांगितलं, आणि तो बाजूला झाला.

खाली जेवणं सुरू झाली होती. लाल रश्श्याची वाफ, उकडलेलं डुकराचं मांस, कागदी पेल्यांत शेंगदाणे. पाळकसाहेब चार जणांत बसून कोर्टाच्या पुढच्या तारखेबद्दल बोलत होते. योम पंचांनी सरकून त्याला जागा दिली, त्याच्यापुढं वाडगा ओढला, वर पातीचा कांदा घातला. खरोखरच काळजीनं घातला. "कुठं गेला होता असं अनवाणी? तोंड बघा काय झालंय. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "वर कोणाशी बोलत होता? पहारेकरी सांगत होता, कुठल्याशा गाडीपाशी उभे होता. ओळखीचं होतं का कोणी?"

दालनातले चमचे क्षणभर थांबल्यासारखे त्याला वाटले. थांबले नव्हते. पाळकसाहेबांनी नुसतं सहज इकडं बघितलं होतं.

"नाही," जूनसिक म्हणाला. "वाट चुकलेली माणसं होती." आणि त्यानं चमचा उचलला.